तळ दिसणारी नाव

दुकानातून, ३ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ. हे पत्र दुकानात बसून लिहितोय, उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. घरी पाठवलंस तर तुझी वहिनी वाचेल, आणि तिला इतक्यात काही कळायला नको आहे.

मी नाव बांधतोय. हसून झालं की पुढे वाच. नऊ फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि सगळी पारदर्शक प्लास्टिकची. दुकानांच्या पाट्या करायला मी ज्या शीट वापरतो, त्यांचीच.

मणक्याच्या दुखण्याने तुझ्या वहिनीची मान खाली वाकली, ती चार वर्षं तशीच आहे. आता ती वर होणार नाही, असं घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात स्पष्ट सांगितलं. शिवणकामाला मान आयतीच वाकलेली मिळाली, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगते. पण अकरा महिने ती घराबाहेर पडलेली नाही. तलावावर चल म्हटलं, तर म्हणाली, तिथे जाऊन काय बघू, फरशा? मग एकदा पाटी पुसताना वाटलं, जिला खालीच बघता येतं, तिच्यासाठी खालीच काही बघण्यासारखं असायला हवं.

काळजी करशीलच, पण बेताने कर.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी गाडीत वाचलं. शेजारी माझी शिकाऊ बाई गाडी मागे घेत होती. तिने कुंपणाचा खांब पाडला, तेव्हा मी भानावर आले.

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, म्हणून मी निर्धास्त असते. पाण्यावर तुला तो कोण देणार? नाव कलंडली तर वहिनी काय करतील, याचा विचार केलास का? दोघांना तरंगणारी जाकिटं आणि नावेच्या दोन्ही टोकांना हवाबंद डबे, एवढं आधी कबूल कर. आणि पहिल्यांदा एकटा बसून बघ, तेही गुडघाभर पाण्यात.

वहिनींना मी दरवेळी इकडे या म्हणते आणि त्या दरवेळी पुढच्या महिन्याचं सांगतात. तुझ्या प्लास्टिकवर माझा काडीचा विश्वास नाही, पण तुझ्यावर रागावताही येत नाही.

माया आहे तशीच ठेव.

तुझी चिमणी

दुकानातून, २ एप्रिल

चि. चिमणीस,

अ. उ. आ. नाव बुडाली. गुडघाभर पाण्यातच बुडाली, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

शेजारच्या पंक्चरवाल्याच्या मदतीने ती तलावावर नेली. मी आत बसलो, आणि स्क्रूसाठी पाडलेल्या एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत तडा धावत गेला. पंक्चरवाला म्हणाला, हे पंक्चर त्याच्या आवाक्यातलं नाही.

घरी आलो तेव्हा ती मशीनवर होती. माझी अवस्था तिला दिसणार नाही, या भरवशावर मी सर्दीचं काहीबाही बोलत आत निघालो. पण फरशीवर उमटलेले ओले पाय तिला दिसले. मग सगळं सांगावं लागलं.

मला वाटलं होतं, ती खूश होईल. ती म्हणाली, पंक्चरवाल्याला माहीत, वन्संना माहीत, आणि जिच्यासाठी चाललंय तिलाच पत्ता नाही. काचेच्या पेटीत बसवून मला लोकांना दाखवायचं होतं का, असंही तिने विचारलं. तीन दिवस झाले, कामापुरतंच बोलते. मी बुटकं स्टूल घेऊन समोर बसलो की माझा चेहरा तिला दिसतो, एरवी आम्ही तसेच बोलतो. आता मी स्टूल सरकवलं की ती मध्ये कापड ओढते.

चुकलं कुठे ते कळतंय. सुधारायचं कसं, ते तू सांग.

तुझा दादा

८ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवतेय. वहिनींना वाचून दाखव.

त्यांचं बरोबर आहे. मी तुला डब्यांचं विचारलं, जाकिटांचं विचारलं, पण वहिनींना विचारलंस का, हे माझ्याही मनात आलं नाही. वहिनी, मीही त्यातलीच, मला माफ करा.

दादा, मोडलेली नाव घरी आण आणि त्यांच्यासमोर ठेव. समजूत घालू नकोस, नुसती ठेव.

दोघांची,

चिमणी

२० मे

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि. तुमच्या सांगण्यावरून यांनी नावेचे तुकडे माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि चक्क गप्प बसले. माझा राग गेला नव्हता. पण वन्सं, इतकं वाईट बेतलेलं काही मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सपाट तुकड्याला गोलाई द्यायची, तर तो नुसता ओढूनताणून कसा चालेल? अंगासरसा कपडा शिवताना आपण जागोजागी चिमटा घेऊन टक्स घालतो, तसे इथेही हवेत. वर्तमानपत्राचा नमुना कापला आणि यांना बजावलं, मी बेतून देते, बसणार नाही.

शीट यांनी बदलली. छपरांना लावतात ती आणली, ती न तडकता वाकते. यांनी छिद्रं पाडली, मासेमारीच्या दोऱ्याने मी टाके घातले आणि यांनी सांधे पारदर्शक गोंदाने बुजवले. शेवटचा टाका झाला तेव्हा लक्षात आलं, दुसऱ्या कुणाला आधी बसू द्यायची माझी तयारी नाही.

परवा सकाळी गेलो. जाकिटं, डबे सगळं होतं, तुम्ही निश्चिंत असा. काठावर बरेच लोक जमले होते म्हणे. त्यांना मी दिसत होते, मला ते दिसत नव्हते, तेव्हा माझं काही अडलं नाही. खाली आधी वाळू आली, मग गवत, गवतात बोटाएवढे मासे. एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर खेकडा मालकासारखा बसला होता. वल्ही मारता मारता हे विचारत होते आणि मी सांगत होते. बाहेरचं सगळं एरवी हेच मला सांगतात.

मध्यावर पाणी खोल झालं, तळ काळा पडला आणि पायाखालच्या प्लास्टिकचा आरसा झाला. त्यात ढग होते. वन्सं, चार वर्षांनी मी आभाळ पाहिलं. त्याच्या कडेला हेही होते, वल्ही थांबवून माझ्याकडे बघत. आम्ही बराच वेळ तिथेच राहिलो. नावेत थोडं पाणी झिरपलं, पण ते यांच्या गोंदातून, माझ्या टाक्यातून नव्हे.

आता पुढच्या महिन्याचं सांगत नाही. येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. बाकीचा लोभ समक्ष भेटीत.

तुमची वहिनी

ता. क. स्टेशनच्या गर्दीत मला चेहरे दिसणार नाहीत. पण टाचेला झिजलेल्या तुमच्या त्या निळ्या चपला मी कुठेही ओळखीन. आम्ही येतोय म्हणून नव्या घालून येऊ नका.