दगडापर्यंत

दगड उचलून मी वीस पावलं मागे, घराच्या बाजूला आणते, पांगाऱ्याच्या मुळाशी ठेवते आणि हात परकराला पुसते. तुम्ही अजून वळणापलीकडे आहात, बाबा. आधी तुमचा खोकला येतो, मग तुम्ही येता. दगड दिसताच थांबता, छातीवर हात ठेवून हसता. "इलो गो दगड." मग त्याच्यापुढे दहा पावलं टाकता, आणखी दोन टाकता, आणि दगड तिथे आणून ठेवायला मला सांगता. "बघ, आज फुडे इलंय मी."

नेम तुमचाच होता. जिथून परतायचं तिथे दगड ठेवायचा आणि पुढच्या रविवारी निदान एक पाऊल त्याच्यापुढे जायचं. गिरणीत वीस वर्षं कापूस पिंजण्याच्या खात्यात काढल्यावर तुमच्या छातीत धुळीखेरीज काही उरलं नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मोकळ्या हवेत राहा, सपाटीवर थोडं थोडं चाला. म्हणून आपण शहरातली खोली सोडून बोरिवलीला आलो आणि तुम्ही रेल्वेने गिरणीत जायला लागलात. तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला भाताची खाचरं होती, त्यापुढे ताडाची झाडं, त्यापुढे नदी, आणि नदीच्या मागे डोंगर. निघताना आई मला दाराआड घेऊन सांगायची, "नदीच्या फुडे त्येंका नेव नको हां." मी मान हलवायची. नेण्याचा प्रश्न नव्हताच. तुमचा श्वास दर रविवारी थोडा अलीकडे संपत होता. ते तुम्हाला कळू नये म्हणून दगडही अलीकडे येत होता.

ते चालणं तासाभराचं असेल. तरी त्याएवढं मोठं मी नंतर काही पाहिलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर नदी बारीक व्हायची आणि तिच्या तळाचा काळा खडक उघडा पडायचा. त्यात रांजणासारखे गोल खड्डे होते. तुम्ही एकाच्या काठाशी बसलात आणि कोपरापर्यंत हात आत घातलात. तळाशी चार गोटे होते, अंड्यांसारखे गुळगुळीत. हेच गोटे पाण्याबरोबर फिरून खड्डा कोरतात, असं मी शाळेतलं सांगितलं. तुम्ही एक गोटा बाहेर काढलात, उलटासुलटा पाहिलात आणि होता तसा परत ठेवलात. "ऱ्हवांदे. त्येचा काम चालू आसा," म्हणालात.

मग मी चूक केली. भूगोलाच्या पुस्तकात चुनखडीच्या डोंगरांचा धडा होता. पाणी झिरपतं, दगड विरघळतो, डोंगराच्या पोटात गुहा होतात. मी समोर बोट दाखवून म्हणाले, कान्हेरीची लेणी अशीच झाली, पाण्याने. तुम्ही कनवटीची चुन्याची डबी काढून तंबाखूला लावायच्या चुन्याकडे पाहिलंत. "म्हणजे मी रोज डोंगर खातंय?" मी हसले. तुम्ही पायाखालच्या काळ्या खडकाकडेही पाहिलंत, पण बोललात ते एवढंच, "तू शिकलंस, तुका म्हायत." त्यानंतर दर रविवारी परतताना तुम्ही मागे वळून डोंगराकडे बघायचात.

फाल्गुनातल्या एका रविवारी तुम्ही दगडाशी पोचलात आणि थांबला नाहीत. दर खेपेला पुढे जातोय, म्हणालात, तर आज ते पाण्याचं काम बघून येऊ. दगड मीच मागे आणते हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून लाकडं आणायला निघालेली बैलगाडी आली आणि गाडीवानाने आपल्याला पायथ्यापर्यंत नेलं. कुसुंबाला तांबडी पालवी फुटली होती. तिच्यातून गाडी चालली की उजेडही तांबडा व्हायचा. गाडीतून उतरल्यावर चढण होती. ती तुम्ही कशी चढलात ते मी बघितलं नाही, मी पुढे होते. मागून फक्त श्वास ऐकू येत होता, ओल्या लाकडावर करवत चालवल्यासारखा. मध्येच तो थांबायचा. मी वळायची नाही.

लेण्यात अंधार आणि गारवा. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मग खांब दिसायला लागले, एकामागे एक, आणि शेवटी स्तूपाचा घुमट. तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात, ओठ निळसर. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग तुम्ही भिंतीवरून हात फिरवायला लागलात. बोटं थांबली, मागे आली. तुम्ही माझा हात धरून तिथे ठेवलात. छिन्नीचे घाव होते. ओळीने, एकाखाली एक, जिथवर हात पोचत होता तिथवर आणि त्याच्यावर कितीतरी.

"ह्यां पाण्याचा काम नाय," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. मला रागावाल असं वाटलं. तुम्ही वर बघत होतात. "कोण तरी रोज कामाक येय होतो हयसर."

पुढे मी बरंच शिकले, देवळं, किल्ले, दुसरी लेणी पाहिली, जाणकारांची व्याख्यानं ऐकली. त्या वाक्यापलीकडे मला कोणी नेलं नाही. तुम्ही चप्पल काढून ठेवलीत आणि बराच वेळ तसेच उभे राहिलात. देवाला करतात तसा नमस्कार केला नाहीत. पाळी सुटताना सोबत्याच्या खांद्यावर ठेवावा तसा भिंतीवर हात ठेवलात आणि निघालात.

उतरताना आपण सारखे बसत होतो. नदीपाशी पोचेतो ऊन कलंडलं होतं. दगड मी ठेवला होता तिथेच होता. तुम्ही त्याच्याशेजारी बसलात, त्याला पायाने जरा ढोसलंत. "हो दगड माज्यापेक्षा जास्त चलता," म्हणालात. त्यावर आपण कधीच बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी दगड सरकवला असं मी सगळ्यांना सांगत आले आहे, मुलांनासुद्धा. या पत्राला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. मला लेणी बघायची होती. तुम्ही खचला असतात तर रविवार बंद झाले असते, आणि मला एकटीला तिकडे कोणी पाठवलं नसतं.

लेणी पाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर गेला नाहीत. आईने पेज आणून दिली आणि माझ्याकडे बघत विचारलं, काल खंयपर्यंत गेल्लात? मी उत्तर देण्याआधी तुम्ही पेजेचा घोट घेऊन म्हणालात, "खंय? दगडापर्यंत."