तेहतीस विरुद्ध एक

तीर्थरूप ताई, आणि तुझ्या रूपाने समोर बसलेले ते तमाम लोक, ज्यांचं बोलणं ऐन रंगात आलेलं असताना घरच्यांनी "ताटं वाढलीत" म्हणून तोडलं,

आपल्यावरचा हा अन्याय मी विसरलेलो नाही. आईबाबांनी तुझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही आणि मला तर पहिल्या शब्दालाच गप्प केलं. म्हणून मी शिक्षक झालो. पस्तीस मुलं, बंद दार, आणि जेवायला हाक मारणारं कुणी नाही. असो. साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? धरणाच्या कामावर रोज दोनशे पायऱ्या चढतेस म्हणे, त्या अर्ध्या तरी भावोजींना चढायला लाव. त्यांचा रक्तदाब काय म्हणतो? (माझा चढला आहे. कारण पुढे येईलच.)

तुझा मुलगा मजेत आहे. तुमच्याकडे पुढची शाळा नाही म्हणून तू त्याला माझ्याकडे धाडलंस, तेव्हापासून तो दोन इंच वाढला, मामीच्या हातचं सगळं खायला लागला आणि मुख्य म्हणजे सातवीच्या वर्गसभेचा अध्यक्ष झाला, तोही बिनविरोध. मामा आणि वर्गशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी माझी छाती फुगली. भाषणात कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे सगळं मीच शिकवलंय त्याला.

आता वर्गसभा म्हणजे काय ते सांगतो, कारण गोम तिथेच आहे. आमच्या शाळेत नवीन समुपदेशक बाई आल्यात. वय माझ्या निम्मं, बोलणं माझ्या दहाव्या हिश्शाचं. त्यांनी सांगितलं की मुलं एकमेकांना छळतात ते आपल्याला दिसत नाही, म्हणून प्रत्येक वर्गाने आठवड्यातून एकदा गोल बसावं, शिक्षकाने मुलांमध्ये बसावं, ज्याच्या हातात ठरलेली वस्तू असेल त्यानेच बोलावं, आणि कुणी कुणावर निकाल देऊ नये. मला कल्पना पटली, पण कच्ची वाटली. (गोल बसून पत्ते खेळतात, सभा घेत नाहीत.) मी तिच्यात सुधारणा केल्या. टेबल आणलं, घंटी आणली, इतिवृत्ताची वही घातली. ठराव, अनुमोदन, मतदान. म्हटलं, लोकशाही सातवीतच मुरली पाहिजे.

मुरली. तिसऱ्या गुरुवारी तुझ्या मुलाने ठराव मांडला की जे बोलणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत नाही ते वर्गात बोलू नये. काय भाषण केलं त्याने. सुरुवात प्रश्नाने, मधे एक विनोद, शेवट हळू आवाजात. मी भान विसरून टाळ्या वाजवल्या. ठराव तेहतीस विरुद्ध एक असा संमत झाला (अध्यक्षांनी सभ्यपणे मत दिलं नाही). विरोधातला हात इतका खाली होता की मोजणी दोनदा करावी लागली. मी सही केली, आणि ठराव फलकावर लागला.

तो हात एका मुलीचा होता. सत्राच्या मधेच आलेली, पहिल्या बाकावर बसते, फार हळू बोलते. पोरांनी तिचं नाव "म्यूट" ठेवलंय, हे मला सोडून शिपायालाही ठाऊक होतं. खेळ असा : ती काही बोलली की एकाने म्हणायचं, "काय?" तिने पुन्हा सांगायचं. मग दुसऱ्याने म्हणायचं, "काय?" मग तिसऱ्याने. ती बोलायची थांबली की खेळ जिंकला. मारामारी नाही, शिवी नाही, वही फाडणं नाही, म्हणजे पकडायला काही नाहीच. आणि तुझ्या या भावाने त्या खेळाला ठरावाचा दर्जा देऊन खाली सही ठोकली होती.

हे मला कळलं कसं तेही ऐक. गेल्या आठवड्यात सोमवारी तिचे वडील आले. लिफ्ट दुरुस्त करतात, बोटांना वंगण, हातात शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज. ते काहीतरी बोलले. मी म्हटलं, "काय?" ते पुन्हा बोलले. मी कानाला हात लावून म्हटलं, "काय?" मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, घरी आम्हाला एवढ्या आवाजात सगळं ऐकू येतं." ताई, मी एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या सभा गाजवल्या, आणि त्या माणसाकडे मागितलं काय, तर मुदत. ते म्हणाले, मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, फार दिवस थांबता येणार नाही. दोन गुरुवार दिले. अर्ज परत खिशात घातला, फाडला नाही.

मी समुपदेशक बाईंकडे गेलो, त्यांनी दात काढले नाहीत हे त्यांचे उपकार. पुढच्या गुरुवारी टेबल आणि घंटी हद्दपार. बाक सरकवून गोल करायला अठरा मिनिटं लागली. खालच्या वर्गाच्या बाई छत पडतंय का ते बघायला वर आल्या. वस्तू म्हणून डस्टर ठरलं. सुरुवात माझ्यापासून. मी न बोलण्याचं महत्त्व या विषयावर जेमतेम दोन शब्द बोललो, तोच तास संपला. (समुपदेशक बाईंच्या घड्याळात अकरा मिनिटं. घड्याळं पुढे असतात लोकांची.) एक गुरुवार असा वाया.

मग मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून आज मंगळवारी जादा सभा मिळवली. या वेळी डस्टर हातात आलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की गेल्या सोमवारी मी एका माणसाला दोनदा "काय?" म्हणालो, आणि मला त्याची लाज वाटते. डस्टर पुढे दिलं. मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. शेजारच्या पोरीने डस्टर उलटसुलट केलं आणि म्हणाली, "मी पण म्हणते. मला मजा येत नाही. पण नाही म्हटलं तर पुढचा नंबर माझा." मग आणखी एक जण "मी पण", मग आणखी एक. एकाने तर डस्टर घेऊन नुसतंच नाक पुसलं. तोंडभर खडू झाला होता पोराच्या. मी तोंड मिटून बसलो होतो, ताई. माझा जबडा दुखत होता.

आणि डस्टर अध्यक्षांकडे आलं. ते उठून उभे राहिले. (गोलात उभं राहायचं नसतं.) म्हणाले, ठराव बहुमताने झालाय, रडून तो रद्द होत नाही, आणि सगळ्या वर्गाने ठरवलं तर त्यात एकट्याची चूक कशी? भाषण उत्तम होतं. पोरं हसली, जीव भांड्यात पडल्यासारखी. पुढे डस्टर त्या मुलीकडे गेलं. तिने ते न बोलता शेजारी दिलं, आणि सभा तिथेच मेली.

घरी मी त्याला चाळीस मिनिटं सुनावलं. मानवतेपासून सुरुवात करून त्याच्या बुटांपर्यंत आलो. त्याने आठ मिनिटांत उत्तर दिलं, तीन मुद्द्यांत, आणि खरं सांगतो, मांडणी त्याची चांगली होती. शेवटी म्हणाला, "मामा, ज्याचा आवाज पोचतो त्याचंच म्हणणं टिकतं. तूच शिकवलंस." तुझी भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली की तुम्ही दोघं ऐकत नाही, टाळ्यांची वाट बघता. मी त्यावर बोलणार होतो, पण ताटं वाढली गेली.

पोरगं वाईट नाही, ताई. गेल्या वर्षी नवीन आला तेव्हा तोही पहिल्या बाकावर गप्प बसायचा. मग मी त्याला बोलायला शिकवलं आणि ऐकायला शिकवायचं राहून गेलं. एरवी इकडे सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला शेक दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : परवा गुरुवारी शेवटची सभा. ती पण तशीच गेली तर शुक्रवारी सकाळी दाखल्यावर माझी सही. ठरावावर सही करताना मी वाचलं नव्हतं, हा कागद मात्र मला वाचून सही करावी लागेल. तुझ्या मुलाशी बोलायला मी नालायक ठरलोय, म्हणून तुला लिहितो आहे, आणि टपालाचा भरवसा नको म्हणून धरणावर येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर धाडतो आहे. पोराला समजावू नकोस. वाद घालायला तो आपल्या दोघांना भारी आहे. त्याला फक्त तुझी सातवी सांग. काच कुणी फोडली ते तू खरं सांगितलंस, आणि सगळ्या वर्गाने ठरवून पूर्ण एक सत्र तुझ्याशी अबोला धरला. तेव्हाही सगळ्यांनीच ठरवलं होतं. त्याला यातलं काही माहीत नाही, मी विचारून बघितलं. त्याला वाटतं त्याची आई कायम बोलतच होती.

ता. क. दुसरा : गाडी दारात उभी आहे, तरी हे लिहितोच. मी तेव्हा त्याच शाळेत पाचवीत होतो. मधल्या सुट्टीत तू नळापाशी एकटी उभी असायचीस आणि मी मैदान ओलांडून लांबच्या नळावर पाणी प्यायचो, म्हणजे तू माझी कोण हे कुणाला कळू नये. तुला ते दिसत होतं. तू घरी कधी सांगितलं नाहीस, आणि मी इतक्या वर्षांत त्यावर एकही भाषण केलं नाही. त्याला गोष्ट सांगशील तेव्हा मला वगळू नकोस. उद्या संध्याकाळी सात वाजता फोन कर. मी त्याच्या हातात देईन आणि तिथेच बसेन, न बोलता.