बाहेर ठेवायची दोन बोटं

रविवार, ९ मार्च
दवाखाना, दुपार

प्रिय धाकट्या,

तुला आणि तुझ्या घरातल्या दोघींना खूप आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा तसाच आहे आणि तोंडही तसंच आहे. रोज सकाळी चहा घेताना विचारते, त्याचा फोन का येत नाही. मी म्हणते, कामात असेल. ती म्हणते, पूर्वी काय लोळत पडायचा का? मग मी कप उचलून आत जाते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही. अकरा वर्षं माझ्या चिठ्ठ्या वाचून तूच औषधं दिलीस.

दवाखान्याचं म्हणशील तर चाललंय. तुझ्या जागी मलमपट्टीला ठेवलेला ड्रेसर फार सज्जन आहे. इतका, की मांजरालाही अहो-जाहो करतो. मांजरं त्याला ओरबाडून ठेवतात. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरून पडलेली एक आली होती, खालचा जबडा बरोबर मधोमध उललेला. सुळ्यांच्या मागून तार घालून आवळली. तिसऱ्या दिवशी बाई बशी चाटत होत्या. मागचा पाय मोडलेला एक ससाही आला, बुटाच्या खोक्यातून. सशाचं हाड तुला माहीतच आहे, जरा जास्त दाबलं की काडकन जायचं. नव्या माणसाला मी हातच लावू दिला नाही, एकटीनेच केलं आणि तासभर पाठ धरून बसले.

लोक अजून तेच विचारतात. दूध वाढवू का, कॅल्शियमचं औषध द्या ना, हाड लवकर जुळेल. तू किती शांतपणे सांगायचास, हाड आपल्या चालीने जुळतं, तुम्ही फक्त जनावराला उड्या मारू देऊ नका, पिंजऱ्यात ठेवा, पोटभर खाऊ घाला आणि थांबा. मी एका वाक्यात झटकते आणि ते तोंड पाडून जातात.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. मी केला नव्हता, तिनेच केला, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. ती रडत होती. म्हणाली, सकाळी खोक्यांच्या कारखान्यात जातात, संध्याकाळी येतात आणि भिंतीकडे बघत बसतात. मुलगी तीन महिन्यांची झाली, एकदाही उचलली नाही. मांडीवर आणून ठेवली तर दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरून बसतात आणि म्हणतात, काढ हिला, माझ्या हाताला जोर किती लागतो ते मला कळत नाही, एक जीव गेलाय.

मी सगळं ऐकून घेतलं. होईल हळूहळू, असं काहीतरी म्हटलं आणि फोन ठेवला. मग एका पिल्लाला इंजेक्शन दिलं आणि त्याच्या मालकिणीशी पाच मिनिटं हसून बोलले. तुझी बहीण ही अशी आहे.

गोटीबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. हे पत्र तू बायकोलाही वाचून दाखव, कारण तिला यातलं धड काहीच माहीत नाही. शिवाय क्रमाने गेल्याशिवाय मला शेवटापर्यंत जाता यायचं नाही.

गोटी घड्याळवाल्या काकांची कुत्री. तीन किलोसुद्धा नव्हती. दुकानातल्या उंच स्टुलावरून उडी मारली आणि पुढच्या पायाची दोन्ही हाडं मनगटाच्या जरा वर मोडली. एवढ्याशा कुत्र्यांचं ते हाड पेन्सिलीहून बारीक, आणि तिथे रक्तही जेमतेम पोचतं. नुसतं प्लास्टर घातलं तर जुळत नाही, महिनोन्‌महिने लुळं राहतं. म्हणून आपण प्लेट बसवली. सहा स्क्रू. ते ऑपरेशन छान झालं होतं, धाकट्या. नंतरचा एक्स-रे बघून तू म्हणालास, काकांच्या घड्याळात शोभेल असं काम झालंय.

मग सूज धरू नये म्हणून तू बँडेज बांधलंस. कापूस, त्यावर गॉज, त्यावर लवचिक पट्टी, आणि नेहमीसारखी मधली दोन बोटं बाहेर. ती बोटं सुजली, फाकली, गार पडली, की आत रक्त अडलंय हे कळतं. बँडेजच्या आत बघायला दुसरा मार्ग नसतो.

नवव्या दिवशी काका तिला घेऊन आले तेव्हा दारातच वास आला. कापून बघितलं तर कोपरापर्यंत पाय काळा पडलेला होता.

एक पेशंट आलाय. उरलेलं नंतर लिहिते.

सोमवार, १० मार्च

काल पेशंट नव्हता. रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो हे तुला कोण सांगणार? पेन ठेवलं, उकळून ठेवलेल्या कात्र्या पुन्हा उकळायला टाकल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. पत्रातही खोटं लिहावंसं वाटलं, बघ.

आता लिहिते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू सुट्टीवर होतास. बायकोला तपासणीला घेऊन गेला होतास, आता कधीही होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दुपारी काका गोटीला घेऊन आले होते. बँडेजचं टोक सुटलं होतं, तिने चावून ते ओलं केलं होतं आणि बाहेरची बोटं सारखी चाटत होती. बाहेर सहा माणसं खोळंबलेली, एक कुत्रा टेबलाखाली ओकलेला, मदतीला कोणी नाही. खरं म्हणजे सगळं सोडून पहिल्यापासून बांधायला हवं होतं. वीस मिनिटांचं काम. मी ते ओलं टोक कापलं आणि वरूनच चिकट पट्टी ताणून गुंडाळली, बोटांवरूनसुद्धा, म्हणजे चाटायला काही उरायलाच नको. दोन मिनिटंही लागली नाहीत. काकांना म्हटलं, आता हात लावू नका, पुढच्या आठवड्यात या. गोटीच्या कार्डावर काही लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. खात नाही, रात्रंदिवस कण्हते, पाय आपटते. मी म्हटलं, हाड मोडलंय काका, दुखणारच. वेदनेच्या गोळीचा डोस वाढवून सांगितला. घेऊन या, असं म्हणाले नाही. तोही फोन कार्डावर नाही. तोपर्यंत मी ती पट्टी साफ विसरले होते. हे तुला खरं वाटो न वाटो, विसरले होते.

नवव्या दिवशी आठवलं.

माझी पट्टी उलटी चालते म्हणून तू मला चिडवायचास. डावखुरी ना मी. तुझे वेढे एका बाजूने जातात, माझे दुसऱ्या. त्या दिवशी कात्री लावली आणि वरचे वेढे बघितले, तर ते माझे होते. खालचे तुझे. वरची पट्टी सोलून निघाली तेव्हा आत तुझं बँडेज जसंच्या तसं होतं, मधल्या दोन बोटांसाठी नीट जागा सोडून. तू खाली वाकून गोटीचं डोकं धरून बसला होतास, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होतास. तू बघितलं नाहीस. मी बघितलं.

काळजात चर्र झालं, एवढं तरी झालं. आणि पुढच्याच क्षणी माझा हात ते सगळं गोळा करून कचऱ्याच्या बादलीत टाकत होता. हाताने ते माझ्याआधी ठरवलं होतं.

तू वर बघितलंस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. म्हणालास, "ताई, मी दोन बोटं बाहेर ठेवली होती. ठेवली होती ना?"

मी म्हणाले, "ही आत कशी?"

एवढंच. दोन-तीन शब्द. नंतर नव्या रिसेप्शनिस्टसमोर आणि दारातल्या दोन बायकांसमोर जे आरडाओरडा करून बोलले, किती वेळा सांगितलं, लक्ष कुठे असतं, बाप होणार म्हणून डोकं गहाण टाकलंय का, ते सगळं त्या शब्दांवर चढवलेलं होतं. मला सारं कळल्यानंतर मी ते बोलले. रागाच्या भरात बोलले असं म्हणायची सोय नाही. राग आलाच नव्हता. भीती वाटली होती. पंचवीस वर्षं लोक मला हाडांची डॉक्टर म्हणतात, आणि तू मात्र माझा होतास, घरचा, तुझ्यावर ढकललं तर तू उलटून काही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

तू म्हणालाही नाहीस. पाय काढताना भूल तूच सांभाळलीस. मग दोन दिवस तिच्या पिंजऱ्याजवळ बसलास, बोटाने पाणी पाजत. विष अंगभर गेलं होतं, ती वाचणार नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि तू एप्रन घडी घालून टेबलावर ठेवलास. त्याच आठवड्यात तुला मुलगी झाली. मी पेढ्यांचा पुडा पाठवला, स्वतः आले नाही.

तुला वाटलं असेल, ताईने अजून माफ केलं नाही. आईलाही तसंच वाटतं. ती मला दर दोन दिवसांनी सांगते, पोरगं चुकलं, सोडून दे आता. मी मान हलवते.

मागच्या बुधवारी मी काकांच्या दुकानात गेले. घड्याळाचा पट्टा बदलायचा, असं स्वतःला सांगून गेले. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि बसा म्हणाले. मग मी सांगितलं, सगळं, उभ्यानेच. ते म्हणाले, "मला माहीत आहे, डॉक्टर. तुम्ही पट्टी ओढत होतात तेव्हा पाय मीच धरला होता. तुम्ही याल म्हणून थांबलो होतो." मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, तुमचा भाऊ दिसत नाही तो? तो कुठे आहे? त्यांना कल्पनाच नव्हती. मी तुला बोलले तेव्हा ते बाहेर रस्त्यावर उभे होते, आत थांबवलं नव्हतं त्यांना. मी तेही सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, माझ्याकडे नंतर या, आधी त्याच्याकडे जा. आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागले.

त्यानंतरही मी चार दिवस घालवले. तुझ्या बायकोचा फोन आला नसता तर आणखी घालवले असते, हे तुझ्यापासून का लपवू?

आज सकाळी आईला सांगितलं. ती उठली. चहा तसाच ठेवून खोलीत गेली आणि आतून कडी लावली. दुपार झाली, अजून बाहेर आलेली नाही. रिसेप्शनिस्टलाही सांगितलंय, आणि त्या दोन बायकांना गाठून सांगणार आहे. हाडांची कामं बंद केली आहेत. मोडलेला पाय आला की मोठ्या रुग्णालयात पाठवते. तुझ्याशिवाय ती मला जमतही नव्हती, फक्त ते कधी बोलून दाखवलं नाही.

तू परत ये असं मी म्हणणार नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? माफीही मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला लहानपणापासून माहीत आहे, आणि मग मला बरं वाटेल. मला बरं वाटावं यासाठी हे पत्र नाही.

तू बांधलेलं बँडेज बरोबर होतं. अकरा वर्षांत तुझ्या हाताखालून गेलेल्या एकाही जनावराला तुझ्या हाताने इजा झालेली नाही. मी जवळ उभी होते, मी बघितलंय. जोर किती लागतो हे तुला माझ्याहून जास्त कळतं. ते तुझ्याकडून मी काढून घेतलं, खोटं बोलून. तीन महिने तू माझं पाप स्वतःच्या मुलीपासून लांब धरून बसला आहेस.

मला काही कळवू नकोस. वाचून झालं की पत्र बाजूला ठेव, आत जा आणि तिला उचल.

ती वरची पट्टी बांधणारी,
ताई