त्रिशंकूचा खालचा तारा

मंगळवार, मेअखेर. रत्नागिरी.

आज सलग पाचवी संध्याकाळ फुकट गेली, त्रिशंकूचा धड फोटो मिळालाच नाही. दोन-चार दिवसांत ढग येतील, मग यंदाचा त्रिशंकू संपला. आणि पुढच्या वर्षी बाबांना दिसत असेल का? काचबिंदूने एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याचं डॉक्टर काही धड सांगत नाहीत.

जहाजावर सुकाणू धरणारा माणूस. लहानपणी मला सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर नेऊन, दक्षिणेला अगदी समुद्रालगतचे त्रिशंकूचे ते चार तारे त्यांनीच दाखवले होते. आता नेमके त्याच दिशेला रिसॉर्टचे फ्लडलाइट. आज वॉचमनचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "दहा मिनिटं बंद करा हो!" तर म्हणाला, "ताई, माझी नोकरी जायची." त्याचं तरी काय चुकलं?

तसेच फोटो काढले. वरचे तीन तारे आले, खालचा त्या पिवळ्या उजेडात बुडाला. चौघांत तेजस्वी तोच, आणि नेमका तोच नाही!

घरी येऊन बाबांना त्यातला एक फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. वाटलं, त्यांना कळायचं नाही. त्यांनी अगदी डोळ्याशी धरून बराच वेळ पाहिलं.

"खालचा कुठाय गो?"

"ढग आला होता," मी म्हटलं. खोटं का बोलले मी?

"मग फोटो राहू दे. उद्या मलाच ने सड्यावर."

हो म्हणून बसले आहे. तिथल्या उजेडात त्यांना एकही तारा दिसणार नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?