माळवदावरील ज्वारी पीकपाहणीत धरण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, जि. उस्मानाबाद

अर्जदार : श्रीपती कोंडिबा गायसमुद्रे, वय ४३, धंदा शेती (पूर्वी वसतिगृहात स्वयंपाकी), रा. शेतातच, गट नं. ११७, मौजे खडकवस्ती

विषय : गट नं. ११७ मधील जमीन पडीक नसून तीत ज्वारी उभी असल्याबद्दल व ती माझ्या घराच्या माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) असल्याबद्दल.

संदर्भ : आपली नोटीस दि. ३ जानेवारी १९८३. त्यानुसार सोमवार दि. १७ रोजी जमीन सरकारजमा होणार आहे.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, सरकारने मला भूमिहीन म्हणून तीन एकर वीस गुंठे माळ दिला. अट अशी की, जागेवर राहून स्वतः कसावी. त्याप्रमाणे मी चौदा वर्षांची स्वयंपाक्याची नोकरी सोडून पत्नी मालनबाई व आई बनाबाई (वय ७१) यांच्यासह माळावर राहण्यास आलो. येथे वीज नाही, विहीर नाही, शेजार म्हणजे अर्ध्या कोसावर बिराप्पा मेंढपाळ. रॉकेल मिळत नसल्याने आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. याबद्दल तक्रार नाही, माहितीसाठी लिहिले.

२. शेतीतले मला काही येत नव्हते, हे कबूल करतो. पहिली पेरणी माझ्या चुकीने गेली. बियाणे वीतभर खोल टाकले, ते उगवलेच नाही. दुसरी पेरणी बिराप्पाने स्वतःची पाभर आणून करून दिली, ती पावसाअभावी गेली. शेतात आज काडी नाही. तलाठी भाऊसाहेबांनी तेवढे खरे लिहिले आहे.

३. आता मुख्य मुद्दा. गेल्या वैशाखात आम्ही दोन खणांचे घर बांधले. माळवदावर पांढरी माती घालतात हे या भागात शेंबडे पोरही जाणते, मी जाणत नव्हतो. माझ्या मते चांगली माती म्हणजे काळी. म्हणून शेतातल्या खोलगट कोपऱ्यातली उत्तम काळी माती काढली. गावातल्या खळ्यावरून आणलेले ज्वारीचे भूस न पाखडता तीत मिसळले. कणीक मळावी तशी तुडवली आणि वीतभर जाड थर दिला. बिराप्पा बघून म्हणाला, "आचारी, काळ्या मातीचं माळवद करत्यात व्हय? उन्हात भेगाळतंय, पावसात गळतंय." तोवर शेवटची पाटी वर गेली होती.

उन्हात ते भेगाळलेच. भेगा बुजाव्यात म्हणून मालनबाई रोज भांड्यांचे व अंघोळीचे पाणी वर नेऊन शिंपडू लागली. सप्टेंबरात एकच पाऊस झाला, आणि भुसातल्या राहिलेल्या दाण्यांनी डोके वर काढले. बिराप्पा म्हणाला, उपटून टाक, मुळ्या खाली उतरल्या की तुळया वाकतील. मी उपटली नाही. दोन पेरण्या गमावलेल्या माणसाला उगवलेले उपटवत नाही, साहेब. आज तेथे पुरुषभर उंचीची दोनशे चौदा ताटे असून कणसे हुरड्याला आली आहेत. मधली तुळई वाकली आहे. तिला खालून मेढ दिली असून आई तिच्याजवळच निजते, कारण दुसरीकडे जागा नाही.

४. दि. २८ डिसेंबर रोजी भाऊसाहेब पीकपाहणीस आले. सोबत सामुदायिक शेती संस्थेचे चेअरमन गोरोबा होते. ही जमीन संस्थेच्या चारा डेपोला हवी आहे, हे ते लपवत नाहीत. मी शिडी लावून दिली. भाऊसाहेब म्हणाले, "पीक जमिनीवर बघायचं असतंय, घरावर न्हाय. अन् माझा गुडघा दुखतोय." गोरोबा हसून म्हणाले, आचाऱ्याला जमीन दिली की असंच व्हायचं. पंचनाम्यात 'पीक निरंक' असे लिहून दोघे गेले. मला त्या हसण्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

५. माझे म्हणणे एवढेच. माती याच गटातली आहे, घर याच गटात आहे, पाणी आमच्या अंगावरचे आहे आणि कष्ट स्वतःचे. नोटिशीत कसणे असे लिहिले आहे, किती उंचीवर ते लिहिलेले नाही. चूक झाली ती मातीची झाली, आळसाची नाही.

६. रोजगार हमीचे काम पंधरा दिवस बंद आहे. घरातले धान्य गेल्या बुधवारी संपले. तांदळीची भाजी व बिराप्पाने दिलेले ताक यावर चालले आहे. वर खाण्याजोगे पीक आहे, पण ते कापले तर आपल्याला दाखवायला काय राहील, म्हणून मी घरात सक्त मनाई केली आहे. मालनबाई दिवसभर गोफण घेऊन वर बसते आणि चिमण्यांना हाकलते. त्या चिमण्यांइतकीच ती स्वतः भुकेली आहे, हे मला दिसते.

तरी सोमवारपूर्वी आपण स्वतः येऊन पाहणी करावी, ही कळकळीची विनंती. शिडी मजबूत आहे, मी खाली धरून उभा राहीन. पाहून झाल्यावर पिकाची नोंद घ्यावी, आणि त्याच वेळी ते कापून खाण्याची आम्हांस तोंडी का होईना परवानगी द्यावी.

आपला नम्र व माळवदाच्या राखणीवर हजर,
श्रीपती कोंडिबा गायसमुद्रे
(सही)
दि. १२ जानेवारी १९८३

सोबत :
(१) नोटिशीची नक्कल.
(२) बिराप्पाचा जबाब, अंगठ्यासह.
(३) नमुन्यादाखल एक कणीस. ते कापून उंबऱ्यावर ठेवले होते. अर्ज लिहीत असताना आईने ते भाजून खाल्ले. ती नको म्हणत होती, मीच पाठ फिरवली. दाणे गेलेला बुरकुंडा जोडला आहे.