वंशावळीत नसलेल्या आया

बसरा, ७ ऑक्टोबर २०००

प्रिय सुहादताई,

सलाम. वि. वि.

सकाळी मोजणी ऑफिसात गेलो. अकराला रजा टाकून इस्पितळात. दोनला घरी. आईने मासे केले होते, थोडे खाल्ले. आपली पोर मयादा जाऊन आज त्रेपन्न दिवस झाले.

निदाल अजून काकांकडे, म्हणजे तिच्या माहेरी आहे. चौथा महिना लागला. मयादाच्या चाळिसाव्याला, सगळे घरी जमले असताना, कुणीतरी तिच्यासमोर म्हणालं की सख्ख्या काकाच्या मुलाशी लग्न, एकच रक्त, ते नासणारच. दुसऱ्या दिवशी निदाल कपडे बांधून गेली. मला एवढंच म्हणाली, या पोटातल्याला आपण काय देऊन ठेवलंय ते आधी शोध, मग मला न्यायला ये.

मयादाचे डॉक्टर इहसान म्हणाले, मुलांचा रक्ताचा कर्करोग बहुतेक वेळा आईबापांकडून येत नाही. एका पेशीच्या दोन होताना तिच्यात चूक होते, कधी कधी मूल पोटात असतानाच. कशाने, ते सांगता येत नाही. पण काही मोजके आजार घराण्यातून येतात आणि त्यातून हा रोग उद्भवू शकतो. त्यांच्या तपासणीला लागणारी रसायनं सध्या निर्बंधांमुळे मिळत नाहीत. म्हणून घराण्याची माहिती आणा म्हणाले.

मी आजोबांनी लिहून ठेवलेली वंशावळ घेऊन गेलो. नऊ पिढ्या. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, यांच्या आया कुठे आहेत? सगळे पुरुष, बाई एक नाही. निदाल नाही. मयादाही नाही.

तुला बायकांमधलं सगळं ठाऊक असतं. कुणाची किती मुलं लहानपणी गेली, कशाने गेली, कुणाला उगाच निळे डाग पडायचे, कुणाची वाढ खुंटली, कुणाचा अंगठा जन्मतः नव्हता किंवा वाकडा होता, हे सगळं लिही. त्या आजारांच्या या खुणा असतात म्हणाले. लपवू नकोस.

ऑफिसात मला आता कुणी अबू मयादा, मयादाचा बाप, म्हणत नाही. नुसतं उस्ताद म्हणतात.

मुलांना जवळ घे. माझ्यावर आहे ती माया राहू दे.

तुझा,
धाफिर


हिल्ला, १७ ऑक्टोबर

प्रिय धाफिर,

सलाम. वि. वि.

दुसऱ्यांच्या जमिनी मोजून मोजून तुझी अक्कल संपली का रे? नऊ पिढ्या काखेत मारून गेलास आणि त्यात बाई नाही हे डॉक्टरने सांगावं लागलं! आपण काय झाडाला लागलो होतो?

सोबत वहीची चार पानं आहेत. आठवलं तेवढं सगळं लिहिलंय. बहुतेक मुलं गोवर, हगवण आणि तापाने गेली.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. बद्रियाआत्याचा जब्बार तुला आठवत नसेल. लग्नकार्यात उजवा हात अंगरख्यात घालून बसायचा. त्याला अंगठा नव्हता, जन्मापासूनच, असं ऐकत आलोय. अकराव्या वर्षी गेला.

आत्या आता अमारा गावात असते. शुक्रवारी मी स्वतः जाते. तोवर निदालला काही बोलू नकोस. जेवत जा.

तुझी,
सुहाद


बसरा, २४ ऑक्टोबर

सुहादताई,

पत्र मिळालं. मयादाचे फोटो काढून भिंगाने तिचे अंगठे पाहिले. दोन्ही नीट आहेत, हे मला ठाऊकच होतं. तरी पुन्हा पाहिले. आज एका मळ्याची हद्द चुकीची आखली. काकांच्या गल्लीपर्यंत दोनदा जाऊन परत आलो. जे असेल ते लिही.

धाफिर


हिल्ला, २९ ऑक्टोबर

प्रिय धाफिर,

सलाम. वि. वि.

आत्या आधी रडली, मग माझ्यावरच खेकसली. म्हणाली, तीस वर्षांनी अंगठा शोधायला आलीस होय गं? चांगला दहा बोटांचा जन्मला होता माझा! आत्या आणि तिचा नवरा तेव्हा कुर्नाच्या मळ्यात राहायचे, आपल्यापैकी कुणी पोराला पाहिलंच नव्हतं. तीन वर्षांचा असताना पाणी उपसायच्या इंजिनाच्या पट्ट्यात त्याचा हात गेला. नवऱ्याला पोर सांभाळायला सांगितलं होतं आणि तो पत्ते कुटत बसला होता. आजोबांना कळलं असतं तर त्यांनी जावयाला उभं केलं नसतं. म्हणून दोघांनी ठरवून सांगितलं की जन्मतःच तसा. नवऱ्याची लाज राखायला मी माझ्या कुशीला बोल लावून घेतला, म्हणाली. पुढे जब्बार टायफॉइडने गेला. त्या वर्षी गल्लीतली आणखी दोन मुलं त्यानेच गेली.

हे पत्र निदालला दे. आणि तिला सांग, चाळिसाव्याला ते वाक्य बोलणारी मी होते. अमारापर्यंत बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं. तुझी माया उरली असेल तर लिही, नाही तर मला ते समजेल.

सुहाद


बसरा, ६ नोव्हेंबर

प्रिय सुहादताई,

सलाम. वि. वि.

डॉक्टरांनी चारही पानं वाचली. घराण्यात तसा आजार दिसत नाही म्हणाले. मयादाचा रोग तुमच्या बायकोकडूनही नाही, तुमच्याकडूनही नाही. येणाऱ्या मुलाची हमी मात्र कुणीच देत नसतं.

काकांच्या अंगणात निदालने तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग विचारलं, मग आपल्याच घरी का? मी म्हणालो, डॉक्टरांना माहीत नाही. ती म्हणाली, दोष होता तोवर धरायला काहीतरी होतं. तुझ्यासाठी निरोप आहे. कागदामागे लपू नकोस म्हणावं, समोर ये, मग काय ते बोलू. मला म्हणाली, गुरुवारी न्यायला ये. आणि तुझ्या आईने रक्ताचा र काढला तर मी त्याच पावली परत.

आईशी बोललो. ऐकून ती निदालची खोली झाडायला उठली.

मी स्वस्थ नाही. टाकीचं पाणी, खजुरीवर फवारणी करणारं विमान, तेलविहिरींवरच्या ज्वाळा, रोज एकावर संशय घेतो. डॉक्टर म्हणाले, एका मुलापुरतं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. ते मला समजतं. तरी पाणी गाळून घेतो, मग तेच पुन्हा गाळतो.

तू ये. माझी माया कुठे गेलेली नाही.

आई शेजारी गेली आहे. रेशनचे तांदूळ आलेत, निम्मे खडेच आहेत. परातीत काढून घेतलेत. उजेड आहे तोवर निवडायला बसतो.

तुझा,
धाफिर