उरलेल्या विजेची तार

भातकुली, जि. अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

लाडक्या नागसेना,

जय भीम. आजीकडून एक पापा आणि एक गुद्दा, पहिले पोचेल तो घे. सांगून राहिली मी, लिहिते तुझी आई. तू फोन उचलत नाही, उचलला तर "बरा आहे, ठेवतो" म्हणतो. कागदाले "ठेवतो" म्हणता येत नाही, म्हणून कागद.

इकडं ठीक. तूर घरात आली. शेजारच्या चंदाच्या बकरीले दोन पिलं झाली. तुझ्या बाबाचा उजवा डोळा आता दरवाजा कुठं आहे एवढं सांगतो, दरवाजात कोण उभं आहे ते सांगत नाही. धर्मपाल हसण्यावारी नेतो. "बरंच आहे माय, तुझं तोंड अर्धंच पाहावं लागते." डॉक्टर म्हणतात, याच्यापुढे फार सुधारणा नाही.

काल अकोल्याहून तुझा दोस्त कुंदन आला होता. म्हणे तू दिवसभर दुकानात जळालेल्या मोटारींमध्ये नवी तार भरतो, बॅटरी समोर आली की मालकाकडं सरकवतो. तिवस्याच्या मुलींच्या वसतिगृहावर वाऱ्याचा पंखा बसवायचं काम तुझं नाव घेऊन आलं, तर तू म्हणाला, "माह्या कामानं बापाचा डोळा गेला. लोकायच्या पोरी काहून जोखमीत घालू?" महिनाअखेरीस त्यायले नाही म्हणून कळवणार म्हणे.

काल रातची भाकर मी तशीच चंदाच्या बकरीले टाकली. तुझी आई म्हणते, पित्त आहे.

आपल्या घरावर तू वाऱ्यानं वीज करणारा पंखा बसवला, तेव्हा मले त्याचे कायदे पाढ्यासारखे पाठ करायला लावले होते. पंखा फिरता असताना बॅटरीची तार सोडायची नाही, आधी ब्रेकचा खटका ओढायचा. बॅटरीत बाटलीतलंच पाणी, आपलं खारं पाणी तिले चालत नाही, म्हातारीले चालते. बॅटऱ्यांच्या खोलीची खिडकी उघडी, कारण भरलेली बॅटरी वायू सोडते आणि ठिणगीनं भडका होतो. आणि चारही बॅटऱ्या भरल्या की उरलेली वीज जाळीच्या डब्यातल्या कॉइलमध्ये जाते. कॉइल लाल झाली तरी तिची तार काढायची नाही. तू तशी पाटी लिहिली. मी म्हटलं, मले अक्षर कुठं येते? तर तू वाचून दाखवली, दोनदा. तेव्हा "मले वाचता येत नाही" हे एरवी रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडं चालते, इथं चालत नाही.

माया, पेन बरोबर चालून राहिलं ना? चालते म्हणते.

आषाढात, तू अमरावतीले गेला होता त्या दिवशी, मी मुगाच्या वड्या घातल्या. ऊन तर नव्हतंच. ताट तुझ्या त्या जाळीच्या डब्यावर ठेवलं. फुकटची गरमी वाया काहून घालवावी म्हणून महिनाभर माझं ते चालूच होतं, पापड झाले, तुझ्या बाबाचे मोजे झाले. त्या दिवशी वारा जोराचा, वड्या करपायला लागल्या. म्हणून मी कॉइलची तार काढली. घटकाभरासाठीच. पावसाचे शिंतोडे ताटात येत होते, म्हणून खिडकीही लावली. मग चंदा आली आणि मी गोष्टीत रमली.

उरलेली वीज जाईल कुठं? ती बॅटऱ्यांतच ठासली गेली. सडक्या अंड्यासारखा वास सुटला, धर्मपाल पाहायला गेला. पंखा गरगर फिरून राहिला होता, त्यानं घाईघाईत बॅटरीची तार ओढली. ठिणगी पडली अन् बॅटरीचं झाकण उडालं. तेजाब डोळ्यात.

लोक त्याले अंगणात घेऊन डोळ्यावर पाणी ओतत होते. मी खोलीत गेली. खटका ओढला. खिडकी उघडली. कॉइलची तार होती तशी लावली. आणि वड्यांचं ताट पदराखाली घेऊन बाहेर आली.

इथं तुझ्या आईनं पेन ठेवलं. चुलीकडं गेली, चहा केला. एकच कप, तो तिनंच पेला. मी म्हटलं, "माया, बोल ना काही." ती म्हणाली, "सात महिने झाले आई, मी माह्या पोराशी धड बोलली नाही." मग पेन उचललं. "सांगा पुढं."

पुढं काय, बापू. तू चार दिवस जमिनीवर बसून एक एक तार तपासली. तुले चूक सापडली नाही, कारण मी ती पुसून ठेवली होती. तू विचारलं, "आजी, तुले काही दिसलं होतं काय?" मी म्हटलं, "मले अडाणीले काय समजते?" पंखा भंगारवाल्याच्या गाडीत चढला तेव्हा मी लसूण सोलत बसली होती. पावभर सोलला. कोणत्याच भाजीत घातला नाही.

धर्मपालच्या रागाचं भेव नव्हतं मले. अक्षर येत नसूनही या घरात मले शहाणी म्हणतात, तो मान जाईल याचं भेव होतं. तो मान मले तुझ्यापेक्षा प्यारा झाला. आता लिहून घेतलं ते बरं, बोलली असती तर फिरवलं असतं.

तुझं काम चोख होतं. वसतिगृहाचं काम घे की नको घेऊ, तुझी मर्जी, पण माझ्यापायी नाही म्हणू नको. घेतलं तर त्या उरलेल्या विजेच्या डब्याले कुलूप लाव, आणि खिडकी अशी बसव की कोणाच्या हातानं बंदच होणार नाही. शहाण्या म्हाताऱ्या सगळीकडं असतात.

माया विचारते, "माफ कर" लिहू काय? नको म्हटलं. एवढ्यात मागायचा मले हक्क नाही.

पाकीट अजून चिकटवलं नाही. धर्मपाल वावरातून आला की माया हे त्याले वाचून दाखवणार आहे. मी म्हटलं, तोवर मी चंदाकडं जाऊन बसते. ती म्हणाली, "नाही आई, इथंच बसा."

म्हणून दाराकडं तोंड करून बसलेली,
तुझी आजी
सुंदराबाई